बाळाच्या इकोमध्ये पल्मनरी झडप अरुंद आलीये, ग्रेडियंट 27 म्हणजे काय?

चिऊची_आई
नमस्कार, मुलगी चार महिन्यांची आहे. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही, म्हणाले मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत जादा आवाज, ऐकू येतोय, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. रिपोर्टमध्ये आलंय माईल्ड पल्मनरी स्टेनोसिस, वेलॉसिटी 2.6, पीक ग्रेडियंट 27. घाबरू नका, तीन महिन्यांनी परत इको करू एवढं सांगितलं, पण बाहेर एवढी गर्दी होती की मला काही विचारायला सुचलंच नाही. घरी सासूबाई म्हणतायत हृदयाला भोक आहे, पोरीला अजिबात रडू देऊ नका. ती अंगावर नीट पिते, वजनही वाढतंय. 27 म्हणजे 27 टक्के बंद आहे का? औषधाने उघडेल का? पुढच्या लसी द्यायच्या की थांबायचं? रात्री झोप लागत नाहीये, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

कॅथलॅब_सिस्टर
ताई, आधी सासूबाईंना सांगा, भोक नाहीये. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून रक्त फुफ्फुसाकडे जातं त्या वाटेवर तीन पाकळ्यांची झडप असते, तिच्या पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटल्या की तोंड लहान राहतं. मग उजव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. 27 हे टक्के नाहीत, झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक आहे, बीपी मोजतो त्याच युनिटमध्ये. इकोवर रक्ताचा वेग दिसतो, त्याचा वर्ग करून चारने गुणायचं: 2.6 गुणिले 2.6 गुणिले 4, आले 27. साधारण 36 च्या आत माईल्ड, 64 पर्यंत मॉडरेट, त्याच्यावर सिव्हिअर.
माईल्ड बहुतेक मुलांमध्ये माईल्डच राहतं, पण पहिल्या वर्षात काहींचं वाढू शकतं म्हणून तीन महिन्यांनी बोलावलंय, ती तारीख अजिबात चुकवू नका. औषधाने झडप उघडत नाही आणि एवढ्याला औषध लागतही नाही. लसी सगळ्या वेळेवर द्या. रडली तर रडू दे, बाळ आहे ते. फक्त पिताना धाप लागून सारखी थांबायला लागली, कपाळाला घाम फुटायला लागला, वजन वाढायचं थांबलं तर तारखेची वाट न बघता दाखवा, आणि ओठ निळसर दिसले तर लगेच.

पन्हाळ्याचा_बाबा
आमच्या मुलाचा ग्रेडियंट 80 च्या वर होता, तो दोन वर्षांचा असताना बलून केला, आता शाळेत जातो आणि सगळ्यांच्या पुढे पळतो. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, झडपेत फुगा काही सेकंद फुगवून काढून घेतात, त्याने चिकटलेल्या पाकळ्या सुटतात, छाती उघडायची गरज पडत नाही. खरं सांगू का, प्रोसिजरपेक्षा नंतरचे तास अवघड गेले, पाय सरळ ठेवायचा होता आणि हा उठून बसायला बघायचा, बायकोने त्याचा गुडघा धरून ठेवला होता आणि मी मोबाईलवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ लावत होतो. ग्रेडियंट 20 च्या खाली आला. झडप थोडी लीक होते पण ते बलूननंतर बऱ्याच जणांना होतं म्हणाले, दरवर्षी इको चालू आहे. तुमच्या 27 ला याची गरज नाही, तरी सांगून ठेवतो म्हणजे शब्द कानावर आला तर दचकायला नको.

गावाकडची_डॉक्टर
ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांच्यासाठी लिहिते. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत आरबीएसकेची टीम तपासणीला येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासून चालू आहे, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि जन्मजात हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. मर्मर ऐकू आला तर तिथून पुढे पाठवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का तेही हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, बिल झाल्यावर नको.

चिऊची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे, सासूबाईंना वाचून दाखवलं. अजून एक, रिपोर्टमध्ये खाली लिहिलंय पाकळ्या पातळ आहेत, डोमिंग आहे. हे वाईट आहे का?

कॅथलॅब_सिस्टर
नाही, उलट बरं आहे. डोमिंग म्हणजे झडप उघडताना घुमटासारखी वर येते, अशी पातळ झडप पुढे कधी बलूनची वेळ आलीच तर छान सुटते. जाड, वेड्यावाकड्या पाकळ्या असतील, जसं नूनन सिंड्रोम या जन्मजात जनुकीय आजाराच्या मुलांमध्ये बरेचदा असतं, तिथे बलून कमी चालतो आणि काहींना ऑपरेशन लागतं.
पुढच्या इकोला जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायला सांगा. आणि तिथे पोचल्यावर पाजून झोपवा, बाळ जोरात रडत असेल तर ग्रेडियंट जास्त दिसू शकतो.