चौथीचा प्रश्न: लिटरभर तेल 910 ग्रॅमच का?

द्विशिक्षकी: मंडळी, या आठवड्यात चौथीला धारकता घेतोय. रूपांतरं पोरं फडाफडा करतात. 3 लिटर 250 मिलि म्हणजे 3250 मिलि, पाटीवर उत्तर तयार. पण कोपऱ्यातल्या घागरीत किती पाणी मावेल म्हटलं, की कुणी 2 लिटर म्हणतं, कुणी 100. म्हणून घरून रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या आणायला सांगितल्या. वर्गाचं भंगाराचं दुकान झालं, पण कामाचं. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर 5 आणि 10 मिलिच्या रेघा असतात, हे बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

त्यात एका पोरीनं तेलाची पिशवी उलटीसुलटी करून वाचली. 1 लिटर, आणि शेजारीच 910 ग्रॅम. "सर, 90 ग्रॅम कुठं गेलं? फसवलं का?" तिच्या मामाचं किराणा दुकान आहे, त्यामुळं लगेच दोन पार्ट्या पडल्या. पोरांच्या डोक्यात लिटर म्हणजे किलो, हे पक्कं बसलंय.

घनतेचं नाव चौथीत काढायचं नाहीये. तिसरी याच खोलीत बसते, तिचेही कान इकडंच. उद्या काय करून दाखवू? पोषण आहाराच्या खोलीत डिजिटल काटा आहे, एवढंच साहित्य.

खडूफळा: काटा आहे म्हणता, मग अडलंय कुठं? अर्ध्या लिटरची एकच बाटली घ्या. रिकामी ठेवून काटा शून्य करा. खुणेपर्यंत पाणी भरा, वजन लिहा. बाटली आतून कोरडी करून त्याच खुणेपर्यंत तेल भरा. वजन करण्याआधी अंदाज मात्र प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या, नाहीतर हुशार पोरगं बोललं की बाकीचे त्याचीच री ओढतात. आणि खूण बघताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायला लावा, पोरं वरून वाकून बघतात.

पायलीभर: आमच्याकडं म्हातारी माणसं अजून पायली काढतात. दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर शेंगा उचलायला लावा. माप तेच, हात वेगळं सांगतो. ज्याच्या घरी पायली असेल त्याला आणू द्या, आजीलाच बोलवा जमलं तर.

नियोजनवही: सर, राग मानू नका. संकलित चाचणीत रूपांतरं आणि शाब्दिक उदाहरणंच येणार. दोन वर्ग सांभाळून हे सगळं करत बसलात तर पुढचा घटक कधी घेणार?

द्विशिक्षकी: चाचणीचं मान्य, मॅडम. पण लिटर आणि किलो एकच समजणारं पोरगं शाब्दिक उदाहरणातच गोंधळतं, हे वह्या तपासताना दिसतंय. शिवाय आमच्या स्वयंपाकाच्या ताई रोज मुलामागं 100 ग्रॅम तांदळाचा हिशोब करतात आणि काढतात मात्र डब्यानं. तो डबा किती ग्रॅमचा, हे उदाहरण मी त्यातूनच घालणार.

आज बाटलीचं केलं. पाणी 500 ला दोन ग्रॅम कमी, तेल 455 च्या आसपास. वहीत तेल जड लिहिणारे निम्म्याहून जास्त होते. चिकट ते जड, असा त्यांचा हिशोब. तेल-पाणी एका ग्लासात ओतल्यावर तेल वर आलं, तेव्हा मामाच्या दुकानावरचा आरोप मागं घेतला गेला. मग दुधाची मागणी झाली. दूध पाण्यापेक्षा थोडं जास्त भरलं. ज्याच्या घरचं दूध डेअरीला जातं तो म्हणाला, "म्हणून तर तिथं लॅक्टोमीटर बुडवतात, पाणी घातलं की कळतं." हे मी सांगायच्या आत त्यानं सांगितलं.

पायलीचा निरोप दिलाय, एक आजी शुक्रवारी येतायत. शेंगांचा हंगाम नाही, म्हणून ज्वारीसमोर चुरमुरे घेणार. वजन होईपर्यंत ते शिल्लक राहतील याची हमी नाही.