खारकर आळीतलं जुनं घर: मागितलेली किंमत रास्त आहे का, कसं ठरवायचं?

घर_पाहतोय
नमस्कार. ठाण्यात खारकर आळीत एक जुनं घर पाहिलंय. तळमजला आणि माडी, विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी खांब-तुळया, कडीपाट (तुळयांवरची लाकडी फळ्यांची पाटणी), वर मंगलोरी कौलं. जागा साधारण 140 चौ. मी. रस्त्याच्या अंगाला एक दुकान, त्यात जुने भाडेकरू; बाकी घर रिकामं. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून मालकांच्या दिवंगत आजोबांचं नाव आहे. एजंटने शेजारच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटचा दर दोन्ही मजल्यांच्या क्षेत्राला लावलाय आणि ‘सागवानाचे वेगळे’ म्हणतोय. आम्हाला राहायलाच हवंय, पाडायचं नाही. कर्ज लागेल. किंमत कशी तपासावी आणि घरात काय बघावं?

चुना_विटा
आधी घराचं बघू. खांब मधोमध ठोकून काही कळत नाही, सागवान मध्ये सहसा ठणठणीतच असतं. कुजतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, कारण तिथे ओल साचते आणि हवा लागत नाही. प्रत्येक टोकाशी पातळ स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. तो विनासायास आत गेला की टोक गेलं समजा. मॉइश्चर मीटर असेल तर लाकडात 20 टक्क्यांवर ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. न्हाणीघराला आणि पन्हाळीला लागून असलेल्या भिंतींतली टोकं सगळ्यात आधी बघा. वाळवीच्या मातीच्या नळ्या जोत्यापाशी, चौकटींच्या मागे आणि कडीपाटाच्या वर शोधा.

माडीच्या तुळयांखाली दोरी ताणून झोळ मोजा. 3 मीटरच्या तुळईला 12 मिमीपर्यंत जुना, थांबलेला झोळ चालतो. जास्त असेल किंवा वरच्या फळ्यांचे सांधे नव्याने उघडले असतील, तर इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका.

बाहेरच्या भिंतींना ओळंबा लावा. भिंतीला पोट आलं असेल तर बहुधा तुळयांची पकड सुटली आहे. भेगांवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे.

आता ओल. आळीतले रस्ते थरावर थर चढत वर आले आहेत. जोतं आज रस्त्यापासून किती वर आहे ते मोजा. समपातळीत किंवा खाली असेल तर पावसाचं पाणी पायात मुरणारच. भिंतीच्या खालच्या मीटरभर भागात लोणा (क्षारांची पांढरी पूड) आणि पोपडे दिसतील.

कौलांना चौ. मीटरला साधारण 15 नग धरा. कौलं स्वस्त पडतात, खर्च वासे आणि रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बदलण्याचा असतो.

दस्त_तपासनीस
लाकूड नंतर बघा, आधी दुकान. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली तो भाडेकरू संरक्षित असेल, तर घर तुमचं होईल पण दुकान त्याच्याच ताब्यात राहील. ‘उद्या घर पडलं की तो आपोआप जाईल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या मिरजेच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. भाडेपावत्या पाहाच, शिवाय मनपाचा कर आकारणीचा उतारा काढा. ‘बाकी घर रिकामं’ म्हणतात त्या खोल्यांवरही कधीकधी जुन्या भोगवटादाराचं नाव निघतं.

आजोबांचं नाव म्हणजे वारसनोंद राहिली आहे. विक्रीआधी ती नगर भूमापन कार्यालयात करून द्यायला सांगा. सगळे वारस घ्या, लेकी आणि त्यांची मुलंसुद्धा. कोणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, साध्या संमतीपत्रावर भागवू नका. मालकीच्या दस्तांचा 30 वर्षांचा शोध, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा. रस्तारुंदीची रेषा घरातून जात असेल तर तेवढी पट्टी किमतीतून वजा.

घर_पाहतोय
दोघांचे आभार. आतल्या भिंतींना सिमेंटचा नवा गिलावा आणि रंग आहे, त्यामुळे ओल दिसली नाही. मालकांकडे दोन वर्षांपूर्वीचं स्थैर्य प्रमाणपत्र आहे. ते पुरेल का?

चुना_विटा
नाही. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटने ती आत कोंडते, मग ओल वर चढते आणि तुळईच्या टोकांना भिजवते. नवा गिलावा बघून किंमत वाढवू नका, तो खरवडून पुन्हा चुन्याचा करण्याचा खर्च धरा. दोन-तीन ठिकाणी हातभर गिलावा काढून बघायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाले तर ओल आहे असं धरूनच हिशोब करा.

प्रमाणपत्रावर वर्ग बघा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामं करून पाडायचं. सी-2ए रिकामं करून दुरुस्ती, सी-2बी रिकामं न करता दुरुस्ती, सी-3 किरकोळ. मनपाच्या यादीशी ताडून घ्या. बँकेचा मूल्यांककही इमारतीचं शिल्लक आयुष्य विचारतो. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी निघालं तर कर्ज अडतं. म्हणून टोकन देण्याआधी नवा अहवाल.

मूल्यांकन_ठाणे
एजंटचा हिशोब मुळातच चुकीचा आहे. फ्लॅटच्या दरात लिफ्ट, पार्किंग, नवं आरसीसी बांधकाम धरलेलं असतं. तो दर कौलारू माडीला लावता येत नाही. इथे जमिनीपासून सुरुवात करायची. त्याच आळीतल्या जुन्या घरांच्या गेल्या तीन वर्षांतल्या विक्रीचे सूची-2 उतारे (नोंदणी कार्यालयातले दस्तांचे गोषवारे) काढा आणि भूखंडाच्या चौ. मीटरवर दर काढा. वाढीव एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतात, म्हणून अरुंद गल्लीतल्या जागेची तुलना मोठ्या रस्त्यावरच्या जागेशी नको.

त्यातून दुकानाचा भाग वजा करा. मालकाला तिथे फक्त भाडं मिळतं. मग दुरुस्तीचा अंदाज आणि त्यावर किमान 25 टक्के, कारण जुन्या घरात गिलावा काढल्यावर यादी वाढतेच. गल्लीत ट्रक शिरत नसेल तर डोक्यावरून वाहतुकीची मजुरीही. सागवानाला वेगळे पैसे देऊ नका. तुम्ही घर पाडणार नाही, म्हणजे ते लाकूड विकणारही नाही. ते टिकाऊ असल्याचा फायदा दुरुस्ती कमी निघण्यात आपोआप येतो.

मुद्रांक शुल्क कराराची रक्कम किंवा सरकारी मूल्य (रेडी रेकनरप्रमाणे), जे जास्त त्यावर. सरकारी मूल्य कराराच्या रकमेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघालं तर फरकावर तुम्हालाही आयकर लागू शकतो. भाडेकरू असलेल्या भागाचं मूल्यांकन वेगळं होतं, म्हणून नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (किती शुल्क लागेल याचा अधिकृत निर्णय) करून घ्या. वारसनोंद होईपर्यंत विसार देऊ नका, आणि दिलाच तर रक्कम परत मिळण्याची अट करारात लिहून घ्या.