पेराकचा सुलतान अब्दुल्ला: स्वतःच इंग्रजांना बोलावलं, मग हद्दपार का झाला?

तळटीप:
नमस्कार मंडळी. मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) रेसिडेंट पद्धतीवर, म्हणजे राजाच्या दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी बसवण्याच्या पद्धतीवर, वाचन चालू आहे. पेराक हे तिथलंच एक राज्य. वसईचा तह (३१ डिसेंबर १८०२) आणि इंग्रजांनी अब्दुल्लाला पेराकचा सुलतान ठरवणारा पांगकोरचा तह (२० जानेवारी १८७४) यांत साम्य फार दिसतं. गादीचा वाद, इंग्रजांची मदत, बदल्यात दरबारात रेसिडेंट. पण पेशवाई बुडायला पंधरा-सोळा वर्षं लागली आणि पेराकमध्ये रेसिडेंट बर्च कामावर आल्यापासून वर्षभरात मारला गेला. इतका फरक का? अब्दुल्ला खरा वारस होता का? तहातलं नेमकं कोणतं कलम त्याला नडलं? आणि खुनात त्याचा हात किती?

दप्तरदार:
आधी वारसाचं बघू. पेराकमध्ये बापामागून थेट मुलगा असा सरळ नियम नव्हता. पायऱ्या होत्या: सुलतान, त्याखाली राजा मुडा, त्याखाली राजा बंडाहारा. सुलतान वारला की राजा मुडाने वर चढायचं आणि बंडाहाराने त्याच्या जागी यायचं. मे १८७१ मध्ये सुलतान अली वारले तेव्हा राजा मुडा अब्दुल्लाच होता, म्हणजे क्रमाने हक्क त्याचा. पण नव्या सुलतानाने जुन्याच्या दफनाला हजर राहायचं हा रिवाज. अब्दुल्ला नदीच्या वरच्या अंगाला गेलाच नाही. सरदारांनी काही काळ वाट पाहिली आणि बंडाहारा इस्माईलला सुलतान केलं. राजचिन्हंही इस्माईलकडे गेली, ती तो ब्लांजाला सांभाळून होता.

हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो. पांगकोरला इंग्रजांनी अब्दुल्लाला सुलतान ठरवलं तेव्हा इस्माईल तिथे नव्हताच. त्याला 'सुलतान मुडा' हा किताब, तनखा आणि थोडा मुलूख देऊ केला, पण राजचिन्हं त्याने सोडली नाहीत. म्हणजे कागदावर सुलतान एक आणि राजचिन्हं दुसऱ्याकडे. वरच्या पेराकच्या लोकांनी अब्दुल्लाला मनापासून मानलं नाही, ते यामुळेच.

खाडीकाठ:
कलमांबद्दल. लोक नेहमी सहावं कलम सांगतात: धर्म आणि मलय रिवाज सोडून बाकी सर्व बाबतींत रेसिडेंटचा सल्ला घ्यायचा आणि तो पाळायचा. माझ्या मते घात दहाव्याने केला. सर्व वसूल आणि कारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने चालवायचा, असं ते म्हणतं. शिवाय रेसिडेंटचा खर्च वसुलातून सर्वांत आधी कापायचा, आणि सुलतान, बंडाहारा, मंत्री यांचे तनखे त्याच्या मागून.

हे कळायला पेराकची तिजोरी कशी भरायची ते बघायला हवं. एक मध्यवर्ती खजिना असा नव्हताच. नदी हाच रस्ता, म्हणून ज्या सरदाराकडे नदीचा जो टप्पा, तो तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या होड्यांवर जकात घेई. पेराकमधल्याच लारूत भागातलं कथील हा सर्वांत मोठा पैसा, तो मंत्री नगाह इब्राहिमच्या हातात. तिथल्या खाणींवरून घी हिन आणि हाय सान या चिनी टोळ्यांच्या लढाया १८६१ पासून अधूनमधून पेटत होत्या, आणि पिनांग-सिंगापूरच्या व्यापाऱ्यांचा पैसा त्यात अडकला होता. म्हणूनच तर पिनांग-सिंगापूरच्या इंग्रज वसाहतींचे गव्हर्नर अँड्र्यू क्लार्क आले. त्यांना लंडनहून हुकूम होता फक्त चौकशी करून कळवण्याचा, त्यांनी मात्र थेट तह करूनच कळवलं.

अब्दुल्लाचं पत्र ३० डिसेंबर १८७३ चं आहे, सिंगापुरात व्यापारी रीड यांच्या मदतीने लिहिलेलं. त्यात चांगला कारभार शिकवणारा माणूस मागितला आहे. मिळाला तो वसुलावर बसणारा. सुलतानाची ताकद म्हणजे सरदारांना वसुलातला वाटा देण्याची ताकद. ती काढून घेतली की खाली उरतं काय?

आता वसईशी तुलना. बाजीरावाला कंपनीने सहा हजारांची फौज दिली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख घेतला. रेसिडेंटच्या मागे पलटणी उभ्या होत्या. पेराकमध्ये उलटा प्रकार: रेसिडेंटला अधिकार अख्ख्या तिजोरीवर आणि सोबत मूठभर शीख शिपाई. तुम्ही विचारलेल्या फरकाचं उत्तर मला यातच दिसतं.

तळटीप:
धन्यवाद, पैशाची बाजू आता लख्ख कळली. पण बर्चवरचा राग फक्त जकातीमुळे होता का? गुलामांचंही काही वाचलं.

दप्तरदार:
दोन्ही. कर्ज फेडता आलं नाही की माणूस, बऱ्याचदा बायको-मुलांसकट, सावकार सरदाराच्या घरी राबायचा. राबणुकीने मुद्दल फिटायचं नाही, म्हणून सुटका नाही. बर्च पळून आलेल्या अशा बायकांना आसरा देई, कधी होडीत घालून बाहेर पाठवी. माणूस म्हणून त्याने योग्यच केलं. पण सरदाराच्या दृष्टीने पहिल्यांदा जकात गेली, मग माणसं गेली, आणि मोबदला काहीच नाही. भाषा नीट येत नसल्याने समजूत घालणंही जमेना.

जुलै १८७५ मध्ये दुरियान सेबातांगला सरदारांची बैठक झाली आणि बर्चला मारायचं ठरलं. अब्दुल्ला तिथे होता. दरम्यान नवे गव्हर्नर जर्व्हॉइस आले. त्यांनी सल्ल्याचा पडदाच काढायचं ठरवलं आणि इंग्रज कमिशनरांनी थेट कारभार करावा असे जाहीरनामे काढले. पदच्युतीची धमकी मिळाल्यावर अब्दुल्लाने ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्का दिला. बर्च ते जाहीरनामे लावायला पासिर सालाकला गेला, महाराजा लेला या सरदाराच्या गावी. २ नोव्हेंबर १८७५ च्या सकाळी तो नदीतल्या तरंगत्या न्हाणीघरात होता. भिंती झावळ्यांच्या, बाहेरचं दिसत नाही. भाले त्या भिंतींतूनच आत गेले.

खाडीकाठ:
एक भर. पांगकोरला शिक्का मारणाऱ्यांत दातू सागोर हा सरदार होता. तोच पुढे महाराजा लेला आणि पांडक इंदुत यांच्याबरोबर जानेवारी १८७७ मध्ये फासावर गेला. तहाला पाठिंबा देणारेही दोन वर्षांत किती उलटले, हे यावरून समजतं.

अब्दुल्लावर मात्र कोर्टात खटला झालाच नाही. चौकशी समितीपुढे साक्षी झाल्या आणि सरकारी निर्णयानेच १८७७ मध्ये त्याला सेशेल्सला पाठवलं, सोबत मंत्री नगाह इब्राहिम, लक्षमाना (आरमारप्रमुख) आणि शाहबंदर (बंदरप्रमुख). इस्माईलची रवानगी जोहोरला. अब्दुल्ला पेराकला परतला तो थेट १९२२ मध्ये, आणि त्याच वर्षी कुआला कांग्सारला वारला.

दप्तरदार, तुम्ही खुनाचा दोष त्याच्यावर किती टाकाल? माझं मत असं की बैठकीला तो होता हे खरं, पण दोन्ही बाजूंना हो म्हणण्यावाचून त्याच्याजवळ उरलं काय होतं?

दप्तरदार:
तितकं सोडून देता येणार नाही. गादीसाठी वसूल गहाण टाकला तो त्याने, आणि लारूतच्या वसुलाचा मक्ता सिंगापूरच्या चिनी व्यापाऱ्याला कबूल करून बसला तोही तोच. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. १८७७ मध्ये आलेला नवा रेसिडेंट ह्यू लो तीच कलमं घेऊन बसला आणि बारा वर्षं टिकला. त्याला मलय उत्तम येत होती. त्याने सरदारांना बोलावून पेन्घुलू (स्थानिक प्रमुख) नेमलं आणि त्यांच्या हद्दीतल्या वसुलातला ठरावीक हिस्सा त्यांनाच दिला. राज्य परिषद भरवली, तिच्यात घी हिन आणि हाय सान दोन्हींचे म्होरके घेतले. कर्जगुलामी एका फटक्यात न मोडता, ठरावीक रक्कम भरून सोडवणुकीची वाट काढून १८८० च्या दशकात संपवली. सरदारांचा वाटा तहातच लिहिला असता तर बर्च आणि अब्दुल्ला दोघेही वाचले असते, असं मला वाटतं.