वडिलांनी दिलेल्या 40 लाखांना कर नाही, घामाच्या 15 लाखांना आहे. हे बरोबर आहे का?

उद्यमबागवाला : फौंड्रीत मला एकवीस वर्षं झाली. वितळलेलं लोखंड उडून पडलेला डाग अजून उजव्या मनगटावर आहे. आज पगार वर्षाला 15 लाख, त्यातून 97,500 रुपये कर जातो. शेजारच्या मुलाला वडिलांनी बेळगावच्या टिळकवाडीत फ्लॅटसाठी 40 लाख दिले, त्याला कर शून्य. त्याचं वाईट वाटत नाही, पोरगा चांगला आहे. पण दोघांच्याही हातात पैसाच आला ना? 1958 साली आपल्याकडे बक्षीस कर होता, देणाऱ्यावर. 1 ऑक्टोबर 1998 पासून तो गेला. आज परक्याकडून वर्षात 50 हजारांवर मिळाले की सगळी रक्कम उत्पन्नात धरतात, नात्यातून कितीही आले तरी नाही. माझं म्हणणं : आयुष्यात 10 लाखांपर्यंत सूट द्या, त्यापुढच्या रकमेवर पगारासारखाच कर लावा.

येळ्ळूरकर : काय म्हणतासा हे? आमची भाताची जमीन रस्त्यात गेली. उताऱ्यावर नाव माझ्या एकट्याचं, पण चिखलात लावण केली ती दोन्ही पोरांनी आणि लेकीनं. भरपाई माझ्या खात्यावर आली, ती मी तिघांत वाटली. तुम्ही त्याला बक्षीस म्हणणार? ज्याचं त्याला दिलं मी. शिवाय बाप नोकरदार असला तर त्यानं एकदा कर भरलेलाच असतोय. एकाच पैशावर किती वेळा घेणार?

उद्यमबागवाला : काका, तुमचं जमिनीचं म्हणणं मान्य. ज्यात पोरांचा घाम आहे ते त्यांचंच, ते या हिशेबात नको. पण ‘एकदा कर भरलाय’ हे पटत नाही. धुण्याभांड्याच्या मावशींना मी कर भरून उरलेल्या पगारातूनच देतो, तरी ते त्यांचं उत्पन्नच धरतात. पैसा नव्या हातात गेला की तो नवा धरला जातो. फक्त बापाकडून पोराकडे जाताना का नाही?

खानापूरची लेक : कारण मावशींशी तुमचा व्यवहार आहे, लेकीशी नाही. आणि हा कर कोणाच्या वाट्यातून जाईल ते सांगते. आमच्याकडे बाप गेला की आठवड्यात बहिणींच्या सह्यांसाठी हक्कसोडीचे कागद येतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जितात मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी माझ्या दोन मैत्रिणींनी सही केली, भावाशी वाकडं नको म्हणून. माझ्या वडिलांनी मात्र जिवंतपणीच माझ्या नावावर 12 लाख ठेवले. सासरी माझं म्हणून जे काही आहे ते तेवढंच. त्यावर कर असता तर घरात पहिलं वाक्य हेच निघालं असतं, ‘कर कशाला भरायचा, तिला नंतर बघू.’ ते नंतर कधी येत नाही हो. 10 लाखांची तुमची सूट अशा बाईला पुरत नाही.

कर सल्लागार, शहापूर : एक दुरुस्ती. नवरा बायकोला किंवा सासरा सुनेला पैसे देतो तेव्हा बक्षिसावर कर नसतो, पण त्यावरचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. म्हणजे पूर्ण मोकळीक नाही. लग्नातला आहेर आणि वारसा कोणाकडूनही आला तरी करमुक्त. माझ्या मते खरी अडचण आहे ती कायद्यातल्या नात्यांच्या यादीत. मामानं भाच्याला दिलं तर सूट, भाच्यानं मामाला दिलं तर नाही. चुलतभाऊ तर यादीतच नाही.

सांबऱ्याचा भाचा : हे मी भोगतोय. वडील गेल्यावर मामांनी मला शिकवलं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांची मनीऑर्डर यायची, मागच्या चिठोऱ्यावर एकच ओळ असायची, ‘जेवण सोडू नको.’ आता त्यांचं ऑपरेशन आहे. मी 9 लाख देतोय. त्यांची पेन्शन वर्षाला 5 लाख 40 हजार. हिशेब काढला तर त्यांना 88 हजारांचा कर येतो, एरवी त्यांना काहीच नसतो.

कर सल्लागार, शहापूर : निम्मे मामींच्या खात्यावर भरा. त्यांना दुसरं उत्पन्न नसेल तर दोघांनाही कर येणार नाही. बँकेतूनच भरा, रोख नको.

सांबऱ्याचा भाचा : करतो तसं. पण ज्यांनी मला वाढवलं त्यांना सरळ देता येऊ नये, आडवाटेनं द्यावं लागावं, हे मनाला लागतं.

उद्यमबागवाला : भाऊ, तुमचं वाचून माझी मागणी बदलतो. नात्यांची यादीच काढून टाका. भाचा, मामा, चुलता, मित्र, सगळ्यांना एकच मर्यादा ठेवा. खानापूरच्या ताई म्हणतात 10 लाख पुरत नाहीत, तर ती 25 लाख करा, आणि दवाखाना-शिक्षणाचं मर्यादेबाहेर ठेवा. पण 40 लाखांच्या फ्लॅटवर कर हवाच, ते मी सोडत नाही.

येळ्ळूरकर : दवाखान्याचं बरोबर हाय. फ्लॅटचं मला अजून पटत नाही. पोराला घर देणं हे बापाचं कामच हाय.