पहिली स्की घ्यायची म्हणता? आधी बूट घ्या बापा!

कोंढाळीचा_बर्फवेडा
दर्यापूरकरांची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतो. त्यांचा सल्ला असा: पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं, जमायला लागले की सरळ आपल्या उंचीएवढी लांब, कमरेला, म्हणजे स्कीच्या मधल्या बारीक भागात, १०० मिमी रुंद स्की घ्यायची, म्हणजे पैसा एकदाच जातो. बूट काय, गुलमर्गात भाड्यानं मिळतातच. अन् खाली लोकांची ‘बरोबर भाऊ, बरोबर भाऊ’ची रांग!

अहो, शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरावा म्हणून ढगळा शिवायचे, तसा हा हिशेब झाला. पोरगं तरी वाढतं. चाळिशीतला माणूस कुठून वाढणार?

मध्यम स्कीअर म्हणजे आपल्यातले बहुतेक. रोपवेच्या पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडोरीहून खाली गुलमर्गापर्यंत न पडता येतो, पण बर्फ टणक लागला की बूड मागं जातं आणि पाय आपोआप स्नोप्लाऊत, म्हणजे स्कीची टोकं जुळवून, येतात. त्याची खरी अडचण एकच, एज, म्हणजे स्कीच्या कडेची पोलादी धार, बर्फ धरत नाही. स्की जितकी रुंद तितकी एज बुटाच्या मध्यापासून लांब. टणक बर्फावर ती कलवायला गुडघ्याला जास्त जोर लागतो, आणि या एजवरून त्या एजवर यायला उशीर होतो. ताज्या मऊ बर्फात रुंद स्की तरंगते, हे कबूल. पण ताजा बर्फ आपली रजा पाहून पडतो का? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाचा तिथला टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला.

म्हणून पहिला पैसा बुटात, स्की भाड्यानं. पुढे घ्यायचीच तर ७८ ते ८६ मिमी, वळणाची त्रिज्या १४-१६ मीटर, लांबी हनुवटी ते नाक यांच्या मधली. आणि भाड्याच्या बुटाचं खरं रूप पाहायचं असेल तर दुकानात एकदा लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा. रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे हात घालून पाहा. दीड-दोन सेंटिमीटर जागा हवी. मला दिलेल्या बुटात अख्खा पंजा आत गेला. अशा बुटात तुम्ही गुडघा वळवता तेव्हा पाय वळतो, बूट जागेवरच राहतो. मग खाली दीड लाखाची स्की लावली तरी काय उपयोग?

दर्यापूरचा_गारठा
कोंढाळीकर, माझी पोस्ट अर्धी वाचली आणि भाषण पूर्ण ठोकलं. भाड्याच्या बुटाची तपासणी केली, भाड्याच्या स्कीची का नाही केली? अंगठ्याचं नख एजवर आडवं ओढून पाहा. धारदार एज नखाचा भुगा काढते. मला मिळालेल्या जोडीवर नख नुसतं घसरत होतं. बेसवर, म्हणजे स्कीच्या तळावर, दगडानं पाडलेले चर वेगळेच. सकाळी एक जोडी, दुपारी तीच दुसऱ्याला गेली म्हणून भलतीच. रोज नवी स्की पायाखाली असेल तर माणूस स्की ओळखेल की शिकेल?

आणि गुलमर्गाला आपण जातो कशासाठी? गोंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवट डोंगरावर, ३,९०० मीटरच्या वर गेलं की खाली मशीन फिरवलेली पट्टी नाही. तुमची ८० मिमीची काडी गुडघाभर बर्फात रुतली की कोंढाळीला फोन लावू का?

कोंढाळीचा_बर्फवेडा
अफरवट मध्यम स्कीअरनं लक्षात ठेवायचं ठिकाण आहे, जायचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गात हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर गेला. ज्याला टणक बर्फावर थांबता येत नाही त्याला तुम्ही १०० मिमी देऊन वर पाठवता, याला सल्ला म्हणत नाहीत.

माजी_हवालदार_मेहकर
कायचं ८० न कायचं १००. आमाले फौजेत दोन मीटरच्या सरळ फळ्या देल्ल्या होत्या. बूट जो हाती आला थो, दोन मोजे घालून चालवला. गुलमर्गाले हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल १९४८ पासून हाय, तिथं कोणी टाचेमागं बोटं नाई मोजली. आजकालच्या पोराइले सामान पायजे, घाम नाई पायजे. अन् बाइंडिंग, म्हणजे बूट फळीले धरून ठेवते थे, ९ वर कसून टाका. उतारावर सुटलीच नाई पायजे.

परदेशी_पण_पुसदचा
काका, रामराम. मी इकडे ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये हिवाळाभर स्कीच्या वर्कशॉपात असतो, म्हणून बोलतो. सरळ फळ्यांचं राज्य १९९३ च्या सुमारास एलान कंपनीची एससीएक्स ही स्की आल्यावर संपायला लागलं. कमरेला बारीक, टोकांना रुंद स्की नुसती कलवली की वळते. म्हणून आज लांबी कमी लागते, तुमच्या वेळी पर्याय नव्हता.

बाइंडिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि चालवण्याची पद्धत पाहून तक्त्यातून काढतात. सत्तर किलोच्या मध्यम माणसाचा पाच-सहाच्या आसपास येतो, पन्नाशी गाठली की एक पायरी खाली. ९ वर कसलेली बाइंडिंग सुटत नाही हे खरं, मग नडगी सुटते. आणि मोजा एकच, पातळ.

माजी_हवालदार_मेहकर
माह्या वयावर कायले जाता?

सातपुड्यातली_मास्तरीण
तुम्हा सगळ्यांचे पाय २७ नंबरचे, म्हणजे २७ सेंटिमीटरचे, म्हणून हा वाद रंगतो. मी दुकानात २२.५ मागितला तर काउंटरवरचा २५ पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘मॅडम, मोटा मोजा पहन लो.’ बायकांची पोटरी खालपर्यंत भरलेली असते म्हणून त्यांच्या बुटाचा वरचा पट्टा बुटका बनवतात. पुरुषी बुटाची कड पोटरीत रुतते आणि माणूस आपोआप मागे रेलतो. मग इन्स्ट्रक्टर ओरडतो, ‘आगे झुको!’ कुठून झुकू? त्यामुळे बूट आधी, यात मला शंका नाही.

पण कोंढाळीकर, बूट घ्यायचा कुठून ते नाही सांगितलंत. लायनर तापवून पायावर बसवून देणारा धारणीत बसतो का? ऑनलाइन मागवायचा, नाही बसला की परत पाठवायचा, त्यात हिवाळा संपतो.

कवेलू
घेणं राहू द्या, ठेवाल कुठं ते सांगा. आमच्या साळ्यानं कोणाकडून तरी जुने बूट स्वस्तात घेतले, तीन उन्हाळे टिनाच्या खोलीत कुटाराच्या पोत्यांवर टाकले. पुढच्या हिवाळ्यात बर्फावर पहिलाच बकल ओढला अन् घोट्यापासचं प्लास्टिक बिस्किटासारखं फुटलं. थो एका पायात बूट, एका पायात मोजा असा बसून राह्यला.

दर्यापूरचा_गारठा
जुनाच माल होता, उन्हाळ्याला कशाला दोष देता? आणि उन्हानं स्की बिघडते म्हणणाऱ्यांनी एक सांगा. वॅक्स करताना आपण १२० डिग्रीची इस्त्री थेट बेसवर फिरवतो. मग आपल्या मे महिन्यातल्या ४५-४६नं काय होणार?

परदेशी_पण_पुसदचा
इस्त्री एका जागी थांबवत नाहीत, सारखी पुढे सरकते. बेस तापतो, आतलं लाकूड आणि थर धरून ठेवणारं इपॉक्सी नाही. टिनाखाली मात्र दोन महिने रोज दुपारभर सगळं एकत्र तापतं. बुटाचं पॉलियुरेथेन तर उष्णता आणि ओल मिळून आतून मरतं, वापरा की न वापरा. एप्रिल-मेचं ऊन आणि त्यावर चार महिन्यांचा पावसाळा, याहून वाईट जोडी त्याला मिळायची नाही.

दर्यापूरचा_गारठा
मग कूलरच्या खोलीत ठेवा, झालं.

कवेलू
कूलरच्या खोलीत? ओली वाळ्याची ताटी अन् पोलादी एज! जूनमध्ये काढाल तं विळ्यावानी लाल झालेली दिसन.

शेंदूरजना_संत्रा
कूलर चालवाले लाइन पायजे न भाऊ. आमच्या फिडरले आठवडाभर रातची पाळी असते. माणूस टॉर्च घेऊन बगिच्याले पाणी देते, अन् इथं तुमी स्कीले गारवा द्याच्या गोष्टी करून राह्यले. आंबिया बहार गळून राह्यला, त्यावर कोणी धागा नाई काढत.

कोंढाळीचा_बर्फवेडा
संत्रा भाऊ, विजेवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण इथं तो विषय नका घुसवू.

शेंदूरजना_संत्रा
काहून? तुमची हौस विषय अन् माही मोटर विषय नाई? जेवढ्यात तुमचे बूट येते तेवढ्यात माह्या बगिच्याचं ठिबक होते.

दर्यापूरचा_गारठा
आले उपदेशक. कोणाच्या खिशातून घेतले आम्ही बूट? मीही वावरच कसतो, कपाशी विकूनच जातो काश्मीरला. लग्नात डीजेवर उडवलं तर चालतं, बर्फावर उडवलं की लगेच शेतकरी आठवतो.

सातपुड्यातली_मास्तरीण
भांडणं आवरा. माझ्याकडची व्यवस्था सांगते. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, मधली खोली बिनखिडकीची. कूलर नाही, टिन नाही. एप्रिल लागायच्या आत स्की कोरडी पुसते, वॅक्सचा जाड थर देते आणि तो खरवडत नाही, एजवरही फिरवते. बुटाचे लायनर काढून वाळवते, परत घालते, बकल हलके लावते म्हणजे कवचाचा आकार सुटत नाही. सिमेंटच्या स्लॅबखालच्या माळ्यावर मात्र कधीच नाही. एजवर डाग नाही आजतागायत.

कवेलू
अन् उंदीर?

सातपुड्यातली_मास्तरीण
उंदरांसाठी धान्याची पत्र्याची कोठी. बूट त्यात, तोंड बंद. सासूबाई अजून विचारतात, गहू कुठे ठेवायचा.

माजी_हवालदार_मेहकर
मास्तरीणबाईचं बरोबर हाय. आमच्या स्टोअरात बी लायनर सुकवल्याबिगर जमा करू देत नव्हते. एवढं मान्य. फळी लांबच पायजे हे माहं मत हाय ते हायच.

परदेशी_पण_पुसदचा
लांबी उंचीपेक्षा वजनावर ठरवा, काका. स्कीला तुमचं डोकं कुठवर येतं ते कळत नाही, वर किती भार आहे ते कळतं.

आणि दर्यापूरकर, तुमचा एक मुद्दा कोंढाळीकरांनी उडवून लावला, तो मी उचलतो. बोथट एजच्या भाड्याच्या स्कीवर टणक बर्फ शिकणं खरंच कठीण. पण त्यावर उपाय नवी स्की नव्हे. छोटी फाइल आणि कोन धरणारा गाइड खिशात ठेवा, दुकानदाराला विचारून संध्याकाळी बाजूच्या एजला दोन हात मारा. दोन डिग्रीचा गाइड बहुतेकांना चालतो. बेसच्या बाजूला हात लावू नका.

दर्यापूरचा_गारठा
म्हणजे भाडं मी द्यायचं आणि त्यांच्या स्कीला धारही मीच लावायची. वा! बरं, बूट आधी, घ्या लिहून. कोंढाळीकरांना आज पुरणपोळी करू द्या. पण रुंदीवर मी ९० च्या खाली उतरणार नाही.

कोंढाळीचा_बर्फवेडा
काल १०० होती. उद्यापर्यंत ८५ वर याल, घाई नाही.

दर्यापूरचा_गारठा
९० म्हणजे ९०. तुमच्या ८६ आणि माझ्या ९० मध्ये चार मिमी आहेत, त्यावर तीन दिवस भांडायला मी मोकळा आहे. सोयाबीन निघालं आमचं.

सातपुड्यातली_मास्तरीण
पुसदकर, कामाचं विचारते. २२.५ मध्ये ८० फ्लेक्सचा (बुटाच्या कडकपणाचा आकडा) घेऊ की ९०?

परदेशी_पण_पुसदचा
ताई, फ्लेक्सचा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो. एकीचा ८० दुसरीच्या ९० एवढा कडक निघू शकतो, त्यामुळे आधी रुंदी पाहू. कागदावर अनवाणी उभं राहा, दोन्ही पायांवर भार सारखा, आणि पंजाच्या सर्वांत रुंद जागी दोन्हीकडे खूण करा. दोन्ही पायांचे आकडे मिमीमध्ये द्या.

सातपुड्यातली_मास्तरीण
डावा ९४, उजवा ९६.

परदेशी_पण_पुसदचा
मग १०२ मिमीच्या रुंद साच्यातला पाहा. साच्याचा आकडा २६.५ नंबरच्या बुटावर मोजतात, २२.५ मध्ये रुंदी त्याहून कमी भरते. ९८ वाला स्वस्तात मिळाला तरी सोडा, पंजा आवळेल.

माजी_हवालदार_मेहकर
माहा १०८ भरला. दोन्ही. असा बूट येते का कुठं?