तेलगळती साफ करायला जायचंय, कोण येतंय?

नमस्कार मंडळी,
किनाऱ्यावरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेच असतील. मी आणि दोन मित्र पुढच्या शनिवारी विमानानं निघायचं म्हणतोय. रजा मिळालीय, फावडी तिथेच घेऊ. आणखी कोणी येणार असेल तर लगेच कळवा. मंडळाकडून तिकिटाला हातभार लागला तर सोन्याहून पिवळं.

---

तिकीट काढलं नसेल तर थांब रे बाबा. तिथल्या यंत्रणेकडे नाव नोंदवलंयस का? नोव्हेंबर २००७ मध्ये 'कॉस्को बुसान' हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलाला घासलं आणि ५३ हजार गॅलनहून जास्त इंधन खाडीत गेलं. लोक बादल्या घेऊन धावले, पण प्रशिक्षण नाही म्हणून आधी बऱ्याच जणांना परत पाठवलं. लोक चिडले, मग काही तासांचे वर्ग घेऊन त्यांना कामाला लावलं. ही लाल फीत नव्हे. ताज्या तेलाच्या वाफांनी डोकं धरतं, आणि तेल कातडीला लागलेलंही चांगलं नाही.

दुसरं, फावडं हातात आलं की माणूस खणतो, आणि तिथेच घोटाळा होतो. तेल वरवर असतं, वाळू मात्र टोपलीभर निघते. १९९९ मध्ये फ्रान्सजवळ 'एरिका' हे तेलवाहू जहाज बुडालं तेव्हा सांडलं सुमारे २० हजार टन, आणि किनाऱ्यावरून गोळा झालेला तेलकट कचरा भरला २ लाख टनांहून जास्त! तो टाकायचा कुठे, हे पुढची कित्येक वर्षं तिथल्यांनीच निस्तरायचं.
— काका

---

काका, उंटावरून शेळ्या हाकू नका. २००७ च्या डिसेंबरातच कोरियात तेआनच्या किनाऱ्यावर 'हेबेई स्पिरिट' जहाजातून १० हजार टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं. दहा लाखांहून अधिक माणसं आली आणि जुन्या कपड्यांनी एकेक दगड पुसत बसली. दगडांच्या फटीत यंत्र कुठे शिरणार? सगळ्यांनीच परवानगीची वाट बघितली असती तर काय झालं असतं?
— ताई

---

ताई, मान्य. हातानं पुसण्याला तोड नाही. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजाच्या तेलगळतीनंतर गरम पाण्याचे जोरदार फवारे मारले, त्यात तेलातून वाचलेले जीवही गेले. पण तेआनला गेलेली बहुतेक माणसं त्याच देशातली. बसनं आली, भाषा येत होती, रात्री घरी परतली. आपली पोरं परक्या गावात उतरणार, म्हणजे खोली, जेवण, दुभाष्या सगळं त्या गावानंच बघायचं. १९९७ च्या जानेवारीत जपानमध्ये 'नाखोद्का' जहाजाचं तेल उपसताना काही स्वयंसेवक थंडी आणि श्रमानं दगावलेही.

म्हणून मी म्हणतो, जा, पण पहिल्या आठवड्यात नको. तेव्हा कॅमेरे आणि गर्दी दोन्ही असतात. महिनाभरानं गर्दी ओसरते, पण भरती रोज तेलाचे नवे गोळे आणून टाकतच असते. चाळणीनं वाळू चाळणारे हात तेव्हा कमी पडतात.

आणि हो, पक्षी दिसला तर साबण घेऊन धावायचं नाही. जाणकार आधी त्याला ऊब देतात, पाणी-खाणं देतात, तरतरी आली की मगच धुतात. गारठलेल्याला लगेच धुतलं तर तो धक्क्यानंच जातो.
— काका

---

काका, तिथल्या समन्वयकांना लिहिलं. उत्तर आलं: सध्या माणसं पुरेशी आहेत, पुढच्या महिन्यात या, प्रशिक्षण इथेच देऊ. सोबत यादी: गमबूट, जाड हातमोजे, हातमोजे बाहीला जोडायला चिकटपट्टी. आणि पिशव्या अर्ध्याच भरायच्या, गच्च भरलेली उचलताना फाटते, अशी ठळक अक्षरात सूचना. माझं तिकीट मात्र काढून झालं होतं. तारीख बदलायला दंड पडतोय. तेवढा मंडळ देईल का?

---

पावती जपून ठेवा. कार्यकारिणीच्या बैठकीत मांडते. तिकिटाचं नक्की नाही, गमबुटांचं बघू.
— खजिनदार