मदत हवी आहे: सामाईक बोळ, पत्र्याचं पाणी आणि ४० वर्षांचा शेजार. मध्यस्थी कुठं आणि कशी करून घ्यायची?

पेठेतली_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आमचं घर आणि शेजारच्या काकांचं घर यांच्यामध्ये साडेतीन फुटांचा सामाईक बोळ आहे. गेल्या वर्षी काकांनी कौलं उतरवून पत्रा घातला. कौलांच्या पागोळ्या बोळात पडायच्या. पत्रा नऊ इंच पुढं आल्यामुळं आता सगळं पाणी आमच्या भिंतीवर येतं. आपल्याकडचा आषाढातला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. देवघराच्या भिंतीचा गिलावा सुटलाय.

माझ्या भावानं रागाच्या भरात पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अदखलपात्र म्हणून नोंद झाली आणि "दिवाणी मामला आहे, कोर्टात जावा" असं सांगितलं. चौथ्या दिवशी काकांनी बोळाच्या तोंडाला दार बसवून कुलूप घातलं. मग आमची वकिलाची नोटीस, त्यांची उलट नोटीस. त्यात बोळ त्यांच्या एकट्याचा असल्याचं लिहिलंय.

यंदा संक्रांतीला आई काकींकडं वाण द्यायला गेली नाही, त्याही आल्या नाहीत. बाबा गेले तेव्हा घरचं सगळं खाणंपिणं काकींनीच पाहिलं होतं. आई रोज त्या कुलपाकडं बघते.

भाऊ म्हणतो, ४० वर्षांची वहिवाट आहे, २० वर्षांतच हक्क लागतो, दावा टाकू. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आहे, मुंबईला जायला नको. पण दावा सुरू होणार खालच्या कोर्टातनं, आणि पत्र्यावर पाऊस पडणार मृगात.

पेठेतल्या तालमीतली ज्येष्ठ मंडळी वाद मिटवायला बसायला तयार आहेत. त्यांचा शब्द पेठेत चालतो, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण काका त्याच तालमीचे जुने सभासद, आणि तिथं दहा पुरुषांसमोर आई तोंड उघडणार नाही. मामाच्या गावात तंटामुक्त समिती आहे. शहरात आमच्यासारख्यांनी कुठं जायचं? काकांना बोलवायचं कुणी? आणि ठरलेलं नंतर कुणी मोडलं तर?

निवृत्त_कोर्ट_कर्मचारी

ताई, आधी एक फरक ध्यानात घ्या. पंच दोघांचं ऐकून निकाल देतात. मध्यस्थ निकाल देत नाही, तुम्हा दोघांकडूनच तोडगा काढून घेतो. तालमीत निकाल लागेल, आणि ज्याच्या विरोधात लागेल तो आणखी दुखावेल.

तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली ती गावांसाठी, पेठेला तिचा उपयोग नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गल्ली-मोहल्ल्याची शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यात तीन मध्यस्थ आणि दोन्ही बाजूंची आधी संमती सांगितली आहे. मात्र तिथला लेखी समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. कसबा बावड्याला न्यायसंकुलात जा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. दावा नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून घेतात, फी नाही. काकांना बोलावणं तिथनं जातं, तुमच्या भावाकडनं नाही. तडजोड झाली की लोकअदालतीत निवाडा करून घ्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या तोडीचा असतो आणि त्यावर अपील नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो. आईंना तिथं बोलता येईल. आणि मध्यस्थीत बोललेलं पुढं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे काकांपर्यंत पोचू द्या. "कबूल केलं तर अंगाशी येईल" या भीतीनंच माणसं गप्प बसतात.

राजारामपुरीकर

आमचा वाद वरच्या मजल्यावरच्या टाकीचा होता. समझोत्यात "पाणी सांडू देणार नाही" एवढंच लिहिलं आणि दोन महिन्यांत पुन्हा भांडण. काय करायचं, खर्च कुणाचा, कोणत्या तारखेपर्यंत, नंतर साफसफाई कोण करणार, हे सगळं लिहा. पन्हळ किती इंची, पाईप कुठल्या गटारीला सोडायचा, इथपर्यंत. बैठकीआधी पत्रेवाल्याला आणि गवंड्याला जागा दाखवून ठेवा.

निवृत्त_कोर्ट_कर्मचारी

बरोबर. आणि सिटी सर्व्हेतनं प्रॉपर्टी कार्ड व नकाशाची नक्कल आधी काढा. बोळ कुणाच्या नावावर नोंदलाय हे कागद सांगेल, त्यावर बैठकीत तोंडातोंडी नको.

पेठेतली_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल अर्ज दिला. पण त्याआधी एक झालं. तुम्ही वेगवेगळं भेटण्याबद्दल लिहिलंत, म्हणून आईच्या आणि काकींच्या दोघींच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना काकांकडं पाठवलं. काका पत्र्याबद्दल फार बोललेच नाहीत. "लेकीच्या सासरची माणसं घरात बसलेली, आणि दारात पोलीस. ४० वर्षांत एकदा हाक मारली असती तर मीच पन्हळ लावली असती," एवढंच म्हणाले. आम्ही दहा महिने पाण्यावर भांडतोय आणि त्यांना लागलंय ते वेगळंच. भाऊ ऐकून गप्प झाला. बैठकीत त्यानं आधी त्याबद्दल बोलावं असं मला वाटतं. पण माफी मागितली तर बोळावरचा हक्क सोडल्यासारखं होईल का?

निवृत्त_कोर्ट_कर्मचारी

नाही. पोलीस दारात आल्याचं वाईट वाटलं म्हणणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. फक्त "आम्ही माफी मागतो, तुम्ही कुलूप काढा" असा सौदा करू नका. भावानं आपलं म्हणून बोलावं आणि थांबावं. पत्र्याचा विषय मध्यस्थ काढेल.

पेठेतली_लेक

भावाला हे वाचून दाखवलं. तो आज सिटी सर्व्हेत नकलेचा अर्ज देऊन आला, आणि पत्रेवाला रविवारी माप घ्यायला येतोय. माप बोळातनं घ्यायचं, म्हणून शिक्षिकाबाई काकांकडं किल्ली मागायला जाणार आहेत. आई म्हणते, मीपण त्यांच्याबरोबर जाते.